पापनाशमपर्यंतची रेघ

तंजावूर,
१२ ऑक्टोबर २००३

प्रिय नितीन,

पत्राची सुरुवात अशी करायची असते म्हणून 'प्रिय' लिहिलं. आज तो शब्द लिहिताना हात जड झाला, एवढं आधीच सांगून ठेवतो.

तू तमिळ शाळेत शिकलास, तुला देवनागरी वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे. माझ्या वडिलांनी मला ती छडी मारून शिकवली, मी तुला शिकवली नाही; तो माझा आळस. हरिता पुण्याची आहे, ती वाचून दाखवील. मी हे मुद्दाम करतो आहे. इंग्रजीत ई-मेल केला असता तर तू तो ऑफिसात दोन कामांच्या मधे वाचून पुसून टाकला असतास. हे तुला बायकोच्या तोंडून, तिच्यासमोर बसून ऐकावं लागेल. हरिता, मुली, यात तुझा काही दोष नाही. पण एकही वाक्य गाळू नकोस.

जानेवारीत तू मित्राच्या हाती ते जीपीएस यंत्र पाठवलंस तेव्हा मला आनंद झाला होता. खोटं का बोलू? तुझी आई जाऊन दोन वर्षं झाली होती, नोकरी संपून चार. एकतीस वर्षं पाटबंधारे खात्याच्या जीपमधून ज्या कालव्यांच्या काठाने हिंडलो, ते सगळे एकदा माझ्या येझदी मोटरसायकलवरून, वरून कुणाचा हुकूम नसताना बघावेत असं मनात होतं. ते मी फोनवर बोललो आणि तू यंत्र पाठवलंस. वर म्हणालास, "अप्पा, आता तुम्ही हरवणार नाही." कावेरीच्या मुलखात मी हरवेन! मला तेव्हाच राग यायला हवा होता.

यंत्राबरोबर सॉफ्टवेअरची सीडी होती. रस्ते संगणकावर आखायचे आणि तारेने यंत्रात भरायचे. हेच वापरा, जगात याच्यासारखं दुसरं नाही, असं तुझं म्हणणं. मी चार रविवार त्याच्यापुढे बसलो. तुझ्या न्यू जर्सीतली गल्लीन्‌गल्ली त्यात होती. तुझ्या घरापासून किराणा दुकानापर्यंतचा रस्ता त्याने वळणावळणासकट काढून दाखवला. आमच्या बाजूला मात्र तंजावूरचा एक ठिपका, कुंभकोणमचा दुसरा, मधे सगळं पांढरं. रस्ता मागितला तर दोन ठिपक्यांत फूटपट्टीने ओढावी तशी रेघ ओढली. तीच भरून निघालो. वेण्णार नदीच्या पुढे यंत्रातला बाण सरळ भाताच्या शेतात शिरा म्हणू लागला. बांधावरच्या माणसाने विचारलं, "सार, वाट चुकलात का?" मी म्हटलं, "मी नाही, अमेरिका चुकली."

मग विश्वेशने इंटरनेटवरून आणखी दोन उतरवून दिली. तुझ्या आत्याचा मुलगा बँकेत असला तरी त्याला यातलं कळतं. एक फुकटचं होतं. त्यात नकाशाच नाही, नुसते अक्षांश-रेखांशाचे आकडे टंकायचे आणि यंत्रात ढकलायचे. डोळे फुटायची वेळ आली. दुसरं कुणा एका माणसाने घरी बसून केलेलं, दिसायला ओबडधोबड. पण ते मला आवडलं, कारण ते स्वतःचा नकाशा आपल्या गळ्यात मारत नव्हतं, आपल्याकडे मागत होतं. आपला कागदी नकाशा स्कॅन करून त्याला द्यायचा, त्यावरच्या चार जागा नेमक्या कुठे आहेत ते सांगायचं, की झालं. पुढे त्या कागदावर बोट फिरवावं तसा रस्ता आखता येतो. मी ते निवडलं. तुला कळवलं तर तू फोनवर अर्धा तास वाद घातलास आणि शेवटी म्हणालास, "अप्पा, त्याच्या फाइली माझ्याकडे उघडत नाहीत." माझे रस्ते तुझ्याकडे उघडायची गरज काय, हा प्रश्न तेव्हा मला सुचला नाही.

खात्याचा कालव्यांचा नकाशा माझ्याकडे होता, पण खाटेएवढा. बसस्टँडजवळच्या दुकानातल्या स्कॅनरवर एक साधा कागद मावतो. नकाशाचे तुकडे करायला हात धजेना, म्हणून ज्यांनी तो काढला होता त्यांच्याकडे गेलो. विजयलक्ष्मी अम्माळ आमच्या ऑफिसात ट्रेसर होत्या. नवरा लवकर गेला, नकाशे काढून एकुलता मुलगा वाढवला, आता पापनाशमला त्याच्याजवळ राहतात. त्या म्हणाल्या, "कापायचा नाही. मी आठ कागदांवर पुन्हा काढून देते." घरापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, फळी मांडून, भिंग धरून त्यांनी काम सुरू केलं. दर गुरुवारी मी जायचो. तयार झालेला कागद आणायचा, पुढच्यासाठी कुठला पूल नवा झाला, कुठली मोरी बुजली ते सांगायचं. त्यांची सून फिल्टरची कापी आणून द्यायची आणि आमच्यातच बसायची.

आणि दर रविवारी विश्वेश येऊन यंत्र संगणकाला जोडायचा. "मामा, सेटिंग बघतो," म्हणायचा. यंत्र जिथे जाईल तिथली रेघ स्वतःच्या पोटात ठेवतं, हे मला ठाऊक होतं. ती रेघ तुझ्या सॉफ्टवेअरने काढून विश्वेश दर आठवड्याला तुला पाठवतो, हे ठाऊक नव्हतं. तिकडे बसून तू बापाची पापनाशमपर्यंतची रेघ बघत होतास. एका घरापाशी यंत्र तीन-तीन तास हललं नाही, हे घड्याळ लावून बघत होतास. अरे, मला विचारायचंस. दर शनिवारी फोन करत होतास. गोळ्या घेता का विचारलंस, शौचाला साफ होते का विचारलंस, एवढं एक विचारलं नाहीस. आणि ताराअक्काला लिहिलंस.

आपल्या आत्याचा स्वभाव तुला माहीत नव्हता असं म्हणू नकोस. माहीत होता म्हणूनच तिला लिहिलंस. सप्टेंबरच्या दुसऱ्या सोमवारी अक्का आणखी दोन बायका घेऊन, गाडी भाड्याने करून पापनाशमला गेली. विजयलक्ष्मी अम्माळ तिण्णैवर तांदूळ निवडत होत्या. अक्का पायरी न चढता, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तमिळमध्ये म्हणाली, "माझ्या भावाला गुंतवायला नकाशाचं निमित्त बरं सापडलं! त्याच्या मुलाने अमेरिकेत सगळं बघितलंय. पुरावा आहे." अम्माळ सूप उचलून आत गेल्या. संध्याकाळी त्यांचा मुलगा कामावरून येईपर्यंत गल्लीचं त्याला सगळं सांगून झालं होतं. मला यातलं काहीच माहीत नाही. गुरुवारी नेहमीसारखा गेलो, तर तो दारात उभा. हात जोडून म्हणाला, "सार, तुम्ही मोठे आहात. पण आता येऊ नका." त्याने शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

विश्वेशला बोलावून विचारलं तेव्हा त्याने रडत रडत सगळं सांगितलं. नितीन म्हणाला काळजीपोटी, म्हणून केलं म्हणाला. त्यानंतर तू मला पाठवलेल्या ई-मेलमध्येही तोच शब्द. माझ्या नोकरीत मी पाणीचोर पकडले आहेत, कालव्याचा काठ फोडून आपल्या शेतात पाणी वळवणारे. त्यांतल्या एकानेही मला सांगितलं नाही की साहेब, हे काळजीपोटी केलं. तेवढी लाज त्यांना होती. आईचं नावही तू त्या ई-मेलमध्ये तीनदा घेतलंस. वसुमतीच्या शेवटच्या चार महिन्यांत तू एकदा आलास, नऊ दिवस राहिलास. तिच्या वतीने माझ्याशी बोलू नकोस.

आता हे ऐक, कारण इथवर मी तुला अर्धंच सांगितलं आहे. आठवा कागद जुलैच्या पहिल्या गुरुवारी पूर्ण झाला. नकाशा संगणकात चढला, चारही जागा जुळल्या, काम संपलं. त्यानंतर मी नऊ गुरुवार गेलो. हातात काही काम नसताना गेलो. कधी बोलायचो, कधी नुसता बसायचो. तुझी आई गेल्यापासून मी सगळ्यांचा अप्पा, मामा नाही तर सार झालो होतो; त्या मला रघोजीराव म्हणतात. ऑगस्टमध्ये एका सकाळी सुनेला सांगून त्या माझ्या मागे गाडीवर बसल्या. जन्मभर त्यांनी कालवे काढले, पण त्यांतला एकही डोळ्यांनी बघितला नव्हता. ट्रेसर बाईला जीपमध्ये कोण नेणार? यंदा पाणी नव्हतं, कालवा कोरडा पडला होता. त्या खाली उतरल्या, तळाच्या वाळूतून चालत दुसऱ्या काठापर्यंत गेल्या आणि तिथून मला म्हणाल्या, "इतका रुंद आहे होय? मी तर टाकाने एवढीशी रेघ काढत होते." त्या दिवशी मला कळलं की हे आता नकाशाचं राहिलं नाही. तेव्हा तुझा संशय खरा होता, नितीन. म्हणून तर तुझा इतका राग येतो. खोटा असता तर हसून सोडून दिला असता. जे मी अजून स्वतःशीही नीट बोललो नव्हतो, ते तू अक्काकडून गल्लीत ओरडवलंस.

या गुरुवारी मी पुन्हा पापनाशमला गेलो. मुलगा कामावर होता. सुनेने आत जाऊन सांगितलं आणि अम्माळ दारात आल्या, उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या. मी उन्हात रस्त्यावर उभं राहून, बासष्टाव्या वर्षी, समोरच्या घरातली माणसं बघत असताना विचारलं, आपण नोंदणी पद्धतीने लग्न करू या का? त्यांनी समोरच्या घरातल्या माणसांकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाल्या, "माझ्या मुलाला मी समजावीन. तुमच्या मुलाने माझ्या दारात माणसं पाठवली. त्याने स्वतः बोलावल्याशिवाय मी तुमच्या घरात पाऊल ठेवणार नाही." एवढं बोलून आत गेल्या. हे पत्र त्यासाठी आहे. वर लिहिलेल्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही, आणि तरीही तुझ्याकडे मागतो आहे. आजवर काही मागितलं नव्हतं. त्यांना पत्र लिही. तमिळमध्ये लिही, तुझ्या हाताने. माफी माग, आणि आमच्या घरी या म्हण. मनात नसेल तर लिहू नकोस, त्यांना खोटं लगेच ओळखता येतं. पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. त्या वाट बघते असं म्हणाल्या नाहीत. मी बघतो आहे.

काही झालं तरी तुझाच,
अप्पा