काठावरचा अंगठा

सोलापूर,
बुधवार, ९ एप्रिल २०२५

गुरुअण्णास,
दाक्षीचा नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. अव्वाचा गुडघा दुखतो, पण तिला बसून राहा म्हटलं की जास्तच दुखतो. ऊन बेचाळीसवर गेलंय. कारखान्यात सध्या निळ्या पट्ट्यांचे टॉवेल चाललेत, त्यामुळे चेकिंगच्या टेबलावर दिवसभर निळंच दिसतं. पुण्यात तू वेळेवर जेवतोस का, हे अव्वानं विचारायला सांगितलंय. मला काही ते विचारायचं नाही.

कागदावर लिहितेय, कारण मोबाईलवर लिहिलं की तू एक अंगठा पाठवून मोकळा होतोस.

रविवारी तुझा फोन आला. "दाक्षे, तो काठाचा कोड मला एकदा ओळीओळीनं समजावून सांग की." मी वेळ नाही म्हणाले. खोटं बोलले. वेळ भरपूर होता, राग त्याहून जास्त होता.

त्या कोडची गोष्ट तुला ठाऊकच नाही, म्हणून सांगते. फोटो बघून कॉम्प्युटरनं टॉवेलमधले दोष शोधावेत म्हणून मी ते फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. जगात कुणीही त्याचा कोड वाचावा, दुरुस्त करावा आणि परत पाठवावा, असं ते. मधली भोकं, डाग त्याला बरोबर सापडायचे, काठाची गाठ मात्र कधीच नाही. आमचे जॉबर, मागांवरचे मुकादम खाजाभाई हसले. "काठाकडं बघ गं पोरी. मधलं कापड कुणीबी बघतंय."

मग मी कोडमध्ये शिरले. लांब फोटोचे चौकोनी तुकडे पाडताना शेवटचा अपुरा तुकडा ते गुपचूप टाकून देत होतं. काठच फेकला जायचा, मग दोष दिसणार कुठून!

दुरुस्ती आठ ओळींची, पण ती स्वीकारली जायला सात आठवडे लागले. तपासणाऱ्या बाई कुठल्या देशातल्या कोण जाणे, त्यांनी तीनदा परत पाठवली. चाचणी जोड, जुनं काही मोडत नाही ते दाखव, कारण नीट लिही. चेकिंगवालीचा माल कुणीतरी तेवढ्याच कडकपणे चेक केला, याचं मला लई बरं वाटलं.

चूक माझी एकच. लॅपटॉप तुझा जुना, आणि त्यात नाव, मेलचा पत्ता तुझाच भरलेला. तिथली रीत अशी की प्रत्येक बदलाखाली करणाऱ्याचं नाव लागतं, हे काम माझं, मी जबाबदार म्हणून. ती ओळ मशीन आपोआप घालतं. आठ ओळी मी शंभरदा वाचल्या, नववी एकदाही वाचली नाही. नववीत तू होतास.

पण आभाराची मेल तुलाच आली होती ना? मला वाटलं, हसत फोन करशील. तू ते काम नोकरीच्या अर्जात घातलंस, नोकरी मिळवलीस. अप्पा सात रस्ता चौकात चहा पिताना मोबाईल काढून लोकांना तुझं नाव दाखवतात. मी घरात खरं सांगितलं तर म्हणाले, "नाव कुणाचंबी असू दे, घरातच हाय न्हवं?" अव्वा भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मग हिचं लावा की. ते बी घरातलंच हाय."

आता त्या सॉफ्टवेअरवाल्यांनी तुला तपासणाऱ्यांच्या गटात बोलावलंय. तू सांगितलं नाहीस, पण आमंत्रण सगळ्यांसमोर लिहिलेलं असतं, आणि मी तिथली चर्चा रोज वाचते. रविवारचा फोन त्यासाठीच होता.

चार महिने मी घराबाहेर गप्प होते, अण्णा. तुझी नोकरी जाईल याची भीती वाटली. मला पहिला कॉम्प्युटर तूच दाखवलास, हेही आड आलं. आता नाही येत.

काल मी तिथं उघडपणे लिहिलं की नाव चुकलंय, सुधारा. बाई म्हणाल्या, ज्याचं नाव लागलंय त्यानं होकार द्यावा. तुझा एक शब्द हवाय. मी हात जोडत नाहीये, माझं आहे ते मागतेय.

शब्द देण्याआधी चाचणीतला पहिला फोटो उघड. टॉवेल ताणून धरलाय. जुन्या कोडमध्ये त्याचा उजवा काठ कापला जायचा. आता पूर्ण दिसतो, आणि त्या काठावर माझा अंगठा आहे. कात्रीचा वण असलेला. मी चौथीत असताना तूच त्याला पट्टी बांधली होतीस. हा हात कुणाचा, ते त्यांना तुझ्याशिवाय कोण सांगणार?

तू गप्प राहिलास तरी माझी पुढची दुरुस्ती तयार आहे. या वेळी खालची ओळ मी स्वतः टाइप केली. तीच इथंही लिहिते.

हे काम माझं आहे आणि त्याला मी जबाबदार आहे.

दाक्षायणी सिद्राम कलशेट्टी
चेकिंग टेबल, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर