अकरा ऑगस्टपर्यंत रजेवर

३ जुलै.
आजपासून धंद्याचा कारभार मेलवर. अक्षरओळख नाही, पण अडतंय कुठे? मी बोलते, फोन लिहितो. आलेलं तोच वाचून दाखवतो. ही रोजनिशीही तशीच. ऑगस्टच्या बाजारात धक्क्यावरचा पहिला गाळा तीस वर्षं माझ्या धुरी दिलेल्या हेरिंग माशांचा. यंदा माझ्या नणंदेचा, गुनवरचा, त्यावर डोळा आहे. पालिकेत नव्यानं आलेल्या स्वान्तेला मेल केला. गाळा मिळाल्यातच जमा.

त्याच दिवशी, दोन मिनिटांनी.
उत्तर आलं. स्वान्ते आभार मानतो. चार ऑगस्टपर्यंत रजेवर आहे, घाई असेल तर मायकेनला लिहा म्हणतो. रजेवर असून मला उत्तर दिलं. गुनवरला दिलं असतं का?

४ जुलै.
मायकेनही आभार मानते. तीही रजेवर. स्वान्तेला लिहा म्हणते. दोघं एकदमच रजेवर. काहीतरी शिजतंय.

९ जुलै.
स्वान्तेला मायकेनची खुशाली कळवली, त्याच्या आईची तब्येत विचारली. पुन्हा आभार, शब्द न् शब्द तेच. पोरगा वळणाचा आहे.

१५ जुलै.
शेजारचा अल्गोट, निवृत्त पोस्टमन, म्हणतो की जुलैत अख्खा स्वीडन रजेवर, ही उत्तरं यंत्र देतं. मी म्हटलं, "जन्मभर पत्रं वाटलीस, तुला कुणी एक तरी लिहिलं का?" कॉफी अर्धी टाकून गेला.

२१ जुलै.
मोठी माणसं रजेची पाटी लावतात. वजन त्यातच. अल्गोटची समजूत काढून माझ्याही मेलवर लावून घेतली: अकरा ऑगस्टपर्यंत रजेवर. घाई असेल तर कुणाला लिहायचं, त्यानं विचारलं. गुनवरचं नाव दिलं. होऊ दे तिला ताप. मी आपली हेरिंग धुरीला लावतेय, शेडभर.

४ ऑगस्ट, संध्याकाळी पाच.
दिवसभर शेडमध्ये होते. आता फोननं सकाळचा मेल वाचला. खुद्द स्वान्तेचा: पहिला गाळा तुमचाच, आज तीनपर्यंत होकार कळवा. मागोमाग त्याचाच दुसरा: त्याला लगेच माझी पाटी गेली. घाई होती, म्हणून त्यानं गुनवरला लिहिलं. तिनं होकार कळवला.

५ ऑगस्ट.
गुनवर केक घेऊन आली. "वहिनी, एवढं मोठं मन तुझं? मला वाटलं नव्हतं हो." मलाही वाटलं नव्हतं. केक कोरडा होता.

८ ऑगस्ट. बाजार.
पहिल्या गाळ्यावर गुनवर. मी मागे, मासे कागदात गुंडाळते. मासे माझेच, तिचे पुरले नसते. स्वान्ते आला. त्यानं मला कधी पाहिलेलं नाही. गुनवरला विचारत होता, "त्या आजी अजून रजेवरच का?"
ती म्हणाली, "हो ना. अकरापर्यंत."
त्याचे मासे मी गुंडाळून दिले. त्यानं आभार मानले.