पायाची बोटं

६ जुलै, शनिवार
माझ्या तोंडाला कुलूप घालायला हवं! जेवताना वांगेचीनं पुन्हा बाप्तिस्म्याचं काढलं. लग्न झाल्यापासून हेच — "अहो न्याम्बुराचे बाबा, पाण्यात एक बुडी मारायला तुमचं काय जातं?" बोलून बसलो, "आपल्या नदीत उभं राहून ज्या दिवशी पायाची बोटं दिसतील, त्या दिवशी मारतो."

आमच्या त्या गटारासारख्या नदीत! चर्चची मंडळीसुद्धा बाप्तिस्म्याला लांबच्या हॉटेलातल्या पोहण्याच्या तलावावर जातात. मी पोटभर हसलो. ती हसली नाही. ताटातली मक्याची उगाली संपवली, शाल घेतली आणि शेजारणींकडे गेली.

७ जुलै
पाद्री न्जेरूंनी भर चर्चमध्ये माझं नाव घेऊन माझा शब्द जाहीर केला. आता मेलो.

१३ जुलै
चर्चच्या सगळ्या बायका फावडी-गोणी घेऊन नदीत. मलाही ओढून नेलं. डायपर, बाटल्या, खोट्या केसांचे गुंते, एक अख्खा सोफा. मग टायरचे तुकडे निघायला लागले. निघतच राहिले. वस्तीत टायर कापून चपला करणारा मी एकटाच. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी मुकाट्यानं गोणी धरली.

२७ जुलै
पुलावरून एकानं कचऱ्याची गोणी भिरकावली. मी असा ओरडलो, की तो खाली येऊन स्वतः उचलून घेऊन गेला. वांगेची म्हणते, "तुम्हाला काय एवढं लागलं?" खरंच, मला काय एवढं?

४ ऑगस्ट
कचरा गेला, पाणी मात्र काळं ते काळंच. वर चरबीचा तवंग. बायका चक्रावल्यात. मला ठाऊक आहे. मुग्वेच्या भाजलेल्या मटणाच्या दुकानामागे, केळींच्या आडून सांडपाण्याची एक नळी नदीत सोडलीय. मुग्वे माझा जुना दोस्त. दर रविवारी मी तिथंच जेवतो. आज हळूच विषय काढला, तर म्हणतो, "ती नळी वाहतेय तोवर तू कोरडा, गड्या. गप जेव." आणि पानात आणखी एक बरगडी टाकली.

५ ऑगस्ट
ती बरगडी काही पचली नाही.

१० ऑगस्ट
वस्तीचा सरकारी कारभार बघणाऱ्या चीफसाहेबांनी नदीसाठी सभा बोलावली होती. बायका दमलेल्या, तोंडं उतरलेली. "जाऊ दे, नाही होत," असं कुणीतरी म्हणालं आणि वांगेचीनं मान खाली घातली. ते मला बघवेना. उठलो आणि नळीचं सांगून टाकलं. चीफसाहेबांनी तिथल्या तिथं मुग्वेला नळी बंद करून त्या पाण्यासाठी खड्डा खणायला सांगितलं. जाताना मुग्वे म्हणाला, "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास, मूर्खा."

घरी आल्यावर वांगेचीनं दिलेल्या चहात साखर जास्त होती.

२५ ऑगस्ट
खड्डा झाला, नळी बंद. आज मुग्वेकडे गेलो. वाढलं त्यानं, पण नुसती हाडं. चालेल.

३० ऑगस्ट, शुक्रवार
सकाळी एकटाच नदीवर गेलो. बूट काढले, उभा राहिलो. दिसली! दहाच्या दहा. आजूबाजूला कुणी नव्हतं. एकदा वाटलं, पायानं चिखल ढवळावा आणि घरी जावं. नाही ढवळला.

वांगेची चूल पेटवत होती. म्हटलं, "बोटं दिसली."

ती वळलीसुद्धा नाही. "मला मंगळवारीच दिसली. तुम्ही येऊन सांगता का, तेवढंच बघत होते."