बाबांची रजा

लांजा,
ता. ९ मार्च २०२५

ती. राजश्रीताईंना,

नम्रताचा नमस्कार. काजू पडायला लागलाय. मोहोर उशिरा आला, त्यामुळे आंब्याचं यंदा काही खरं नाही. दीपकचा खोकला गेला, तुमचा भाऊ आता रात्री नीट झोपतो. आई औषधं वेळेवर घेतात.

तुम्ही फोनवर "आई कशी आहे?" विचारता आणि मी "बरी आहे" म्हणते. दुसरं बोलताच येत नाही. फोन वाजला की आई शेजारी येऊन उभ्या राहतात, "ह्यांचा फोन काय गो?" म्हणून. म्हणून लिहायला बसले.

बाबा गेल्याचं आईंना कळलंच नाही, हे तुम्ही बाराव्यापर्यंत इथं होतात तेव्हा पाहिलंत. घरात काही कार्य आहे असं समजून त्या आल्यागेल्याला चहाचा आग्रह करत होत्या. पण त्याआधी बाबांनी त्यांना कसं सांभाळलं, ते तुम्हाला ठाऊक नाही. ते तुम्हाला कळू देत नसत.

आईंच्या लेखी बाबा अजून पलटणीतच होते. घरातल्या पांढऱ्या केसांच्या माणसाला त्या ओळखीनात. "हा म्हातारा कोण? त्याला बाहेर बसव," म्हणायच्या. आणि एवढे सुभेदार, निमूट पडवीत जाऊन बसायचे. मग एक दिवस त्यांनी आपली लष्करी टोपी काढून डोक्यावर चढवली, मागच्या दाराने बाहेर पडले, खालून पाखाडीच्या पायऱ्या चढून आले आणि अंगणातून हाक मारली, "मैना, आलो गो रजेवर!"

आईंचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. पाय धुवायला पाणी घेऊन धावल्या. "किती दिवसांची रजा?"

"भरपूर हाय," बाबा म्हणाले.

त्या दिवशी आईंनी त्यांच्या हातून केस विंचरून घेतले, पोटभर जेवल्या. तेव्हापासून बाबा रोज रजेवर यायचे. पावसात, गुडघा सुजलेला असतानासुद्धा. मी एकदा म्हटलं, "बाबा, असं किती दिवस करणार?" तर हसले. "नोकरीत होतो तेव्हा वर्षातून एकदा यायला मिळायचं गो. आता रोज मिळतंय."

ते गेल्यावर आई अंगणात बसून राहू लागल्या. आम्ही खरं सांगितलं. ऊर बडवून रडल्या, झोपल्या, आणि उठून विचारलं, "आले नाय अजून?" पुन्हा सांगितलं, पुन्हा तसंच रडणं. पुढे माझी छाती झाली नाही. रजा मंजूर झाली नाही, असं सांगू लागले.

ताई, आता जे टाळत होते ते लिहिते. गेल्या रविवारी त्या अन्नाला शिवेनात. तेव्हा दीपक उठला, बाबांची टोपी घातली आणि पाखाडी चढून आला. बाबांच्या आवाजात हाकही मारली. आई उठल्या, जवळ गेल्या. एरवी त्या दीपकला ओळखत नाहीत. त्या दिवशी ओळखलं.

"दीपक, ह्यांची टोपी तुझ्याकडं कशी? टोपी घेऊन दुसराच माणूस कधी येतो रे?"

आणि बाबा गेले, हे त्यांचं त्यांनाच उमजलं. त्यांचं कुंकू आम्ही पुसलं नव्हतं. त्यांचा हात कपाळाकडे गेला, तो मी घट्ट धरून ठेवला.

संध्याकाळी आई ते विसरल्या. दीपक नाही विसरला. तो आता अंगणात पाय ठेवत नाही, मागच्या दाराने येतो-जातो.

डॉक्टर म्हणतात, त्यांच्या कलाने घ्या. कसं घ्यायचं? येतील म्हटलं तर वाट बघत बसतात, नाही म्हटलं तर रोज नव्याने विधवा होतात. तुम्ही मे महिन्यात येणार म्हणालात, जरूर या. पण त्यांना काय सांगायचं ते आधी मला कळवा. मला एकटीला ठरवता येत नाही.

हे लिहितेय आणि आई समोर बसल्यात. मी बाबांनाच लिहितेय असं त्यांना वाटतंय. आता वाचून दाखव म्हणतायत. काय वाचू, ताई? त्या सांगतायत तेच खाली लिहिते, म्हणजे तेवढं तरी वाचता येईल:

"रजा गावली नाय तर सायबाशी भांडू नका. तिकडं थंडी असेल, कान झाकून घ्या. माझी काळजी नको. मी हाय इथंच."

वाचलं. मान डोलावली त्यांनी. खाली माझं नाव घाल म्हणाल्या. घालते.

तुमची,
नम्रता

आणि तुमचीच,
मैना