खांदा का दुखला नाही

रविवार, १४ मार्च २०२१, ॲडम्सटाउन

दरवर्षी पाठीवर ओझं घेऊन वाळवंटात निघणारा स्मरण-मार्च यंदा ज्याने त्याने आपापल्या गावातच चालायचा आहे. म्हणून सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या भरून लॉकडाउनच्या पाच किलोमीटरच्या हद्दीत फेऱ्या मारतोय. आज खांदा अजिबात दुखला नाही! घरी येऊन बायकोला ऐटीत सांगितलं, "केतकी, झालो मी तयार."

ती जेवण वाढता वाढता म्हणाली, "अरे, डब्यातला तांदूळ संपल्यापासून तुझ्या सॅकमधलाच शिजवतेय मी."

म्हणजे खांदा त्यामुळे दुखला नाही! खूप हसलो. मग घास हातातच राहिला. दुसऱ्या महायुद्धातल्या ज्या युद्धकैद्यांच्या आठवणीत चालायचं त्यांना शत्रूने उपाशीपोटी मैलोनमैल चालवलं होतं, आणि मी माझं ओझं जेवून हलकं केलं?

उद्यापासून सॅकमध्ये विटा. चालणार तर मी आहेच, शेवटपर्यंत. पण खांदा दुखायला हवा.