सखूच्या ओट्यावरचा परका डबा

मेहुणे हिम्मतराव यांना सिकंदराबादहून देवरावचा कडक जयभीम. तुमचा गुडघा आणि नांदेडचं ऊन, दोन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. आम्ही ठणठणीत आहोत, फक्त घरात काहीतरी शिजतंय आणि मला वास लागू देत नाहीत.

तुमची भाची रेणुका कुकटपल्लीच्या ऑफिसात युरोपला जाणाऱ्या मालाची लेबलं तपासते. गेल्या महिन्यात तिनं ऑफिसातल्या कुणा धम्मदीपनं दिलेला स्टीलचा डबा आणला. आत बेसनाचे लाडू, वर इंग्रजीत 'गिफ्ट' लिहिलेली चिठ्ठी. मी सहज विचारलं (मी नेहमी सहजच विचारतो), तर म्हणाली, हेच स्पेलिंग जर्मनीत छापलं की विष, आणि स्वीडनमध्ये विष तर आहेच, शिवाय 'लग्न झालेला'! असल्या मुलखाशी धंदा करावाच कशाला? विषाचा संशय फेडायला मी एक लाडू खाल्ला, अर्धा तास थांबलो, खात्री होईना म्हणून आणखी तीन खाल्ले. जगलो. पण तो दुसरा अर्थ डोक्यातून जाईना. "पप्पा, कायकू परेशान होताय?" एवढंच बोलून पोरगी आत गेली.

मग मी डब्यावर पाळत ठेवली. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत जात नाही, हे कबूल. म्हणून तुमच्या बहिणीनं, सखूनं, त्यात शेंगदाण्याची चटणी भरली. तिकडून शंकरपाळ्या आल्या, इकडून धपाटे गेले. महिनाभर हेच चाललंय, आणि विचारलं की सखू मलाच शेंगदाणे सोलायला बसवते! काल डबा उलटा केला. तळाला नाव कोरलेलं: सुजाता. म्हणजे बायको आहे! भांड्यावर नाव घरच्या बाईचंच असतं. हिम्मतराव, एकुलती एक पोरगी आहे. पत्र मिळताच या, त्या गृहस्थाला दोघं मिळून जाब विचारू.

तुमचा,
देवराव

ता. क. : सखूनं पत्र वाचलं आणि पोट धरून हसली. नावाखाली सन १९९१ आहे म्हणे (मी चष्मा लावला नव्हता). सुजाता ही मुलाची आई. आणि हे स्थळ तुम्हीच सुचवलंत, असंही कळलं. शाबास!

ता. क. २ : आज नवा कोरा डबा आलाय. तळाला नाव कोरलंय, रेणुका. रविवारी ती मंडळी येणार आहेत. जाब राहू द्या, पण तुम्ही या. डबा रिकामा परत करायचा नाही, आणि ह्यात काय भरावं ते मला सुचत नाहीये.