हिरवे हात

मंगळवार, ४ मार्च
सापडली! तीच ती. केस पिकलेत, पण अंगावरच्या पांढऱ्या कोटाची इस्त्री अजून तश्शीच कडक. नर्सिंग कॉलेजात शिकवते आता. आणि शिकवते काय — तर जंतुसंसर्ग कसा टाळायचा!

मी इथे आले गेमच्या कामाला. कॉलेजनं मुलींसाठी वॉर्डचा गेम बनवून घेतलाय. डोळ्यांना डबडं लावायचं, की समोर खाटा, नळ, ट्रे, पेशंट. दिवसभर खेळून त्यातल्या चुका शोधायच्या. दहावीला दोनदा आपटलेल्या मुलीला खेळायचा पगार! आई असती तर म्हणाली असती, भटकभवानी कुठेतरी टिकली बाई.

आई नाही. त्या इस्त्रीबाईमुळे नाही.

बुधवार, ५ मार्च
सगळं परत वर आलं. आईचं पोटाचं ऑपरेशन झालेलं. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची वाहती जखम पुसून ही बया तेच हातमोजे घालून आईकडे आली. आई म्हणाली, ‘हात धुतलेस का गं?’ तर म्हणे, ‘मावशी, तुम्ही झोपा.’ टाके पिकले, ताप चढला. मग आई झोपलीच.

ताई म्हणते, सोड आता. तिला आठवा महिना लागलाय, तिला काय, सगळं जग गोड दिसतं. मी नाही सोडणार.

रविवार, ९ मार्च
गेम बनवणारा पोरगा सारखी बिस्किटं कुरतडतो, म्हणून उंदीर. त्याला म्हटलं, तुझी पेशंट नकली वाटते. ‘मग तूच कर खरी!’ केली. आईचा अंबाडा. हनुवटीवरचा तीळ. माझ्याच आवाजात वाक्यही भरलं — ‘हात धुतलेस का गं?’ उंदीर खूश. ‘काटा आला गं अंगावर!’ येऊ दे.

गेममध्ये जंतू हिरवे चमकतात. न धुता कडी धरली, कडी हिरवी. उशी धरली, उशी हिरवी. काजव्यांसारखं दिसतं. परवा मी नुसता वॉर्ड हिरवा करत बसले, जेवायचं राहिलं.

मुद्दा तो नाही. तपासणीसाठी गेमच्या सेटिंगमध्ये एक पट्टी आहे. सरकवली की संसर्गाची शक्यता कमी-जास्त होते. ‘पार टोकाला नेली तर?’ ‘मग कितीही हात धू, पेशंट गचकणार. तिला हात लावू नकोस हां!’

मलाच सांगतोय!

शुक्रवार, १४ मार्च
उद्या उद्घाटन. प्राचार्य, झाडून सगळ्या मुली. पहिला डाव इस्त्रीबाईचा. विभागप्रमुख करणार आहेत म्हणे तिला. करा, करा! पट्टी टोकाला नेलीय. एका दिवसापुरती. मग जागेवर.

शनिवार, १५ मार्च
मेली! सगळ्यांदेखत तिच्या हातून मेली!

बाईनं सगळं बरोबर केलं, कबूल. बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, नवे हातमोजे. आईनं विचारलं, ‘हात धुतलेस का गं?’ आणि बाई चक्क म्हणाली, ‘हो मावशी, धुतले.’ आता! आता धुतले! ताप चढत गेला आणि — सपाट रेघ. परत खेळली. परत मेली. मागून एक लांब वेणीवाली फिसकन हसली, ‘एवढं धुऊनही हे! मग धुवायचं कशाला?’ सगळ्या खिदळल्या. प्राचार्य घड्याळ बघायला लागले. बाईनं डबडं काढलं. तोंड पांढरंफटक. ‘माझंच काहीतरी राहिलं असेल.’

राहिलं होतंच की, बाई! जिवाला असा गारवा वाटला! तशीच स्टँडवर गेले, समोर दिसली ती बस पकडली.

बुधवार, २ एप्रिल
समुद्र! एका खानावळीत भांडी घासते. मालकीणबाई घोरतात, पण मायाळू आहेत.

उंदराचा मेसेज — तो कधीच दुसऱ्या कामावर गेलाय. ‘इस्त्रीबाईंची बढती हुकली. मुली रोज खेळतात, पण म्हणतात काहीही केलं तरी पेशंट मरतेच. पट्टी जागेवर ठेवलीस ना?’

बढती हुकली!! पट्टीचं सांगते त्याला उद्या. आत्ता भरती बघायला जायचंय.

शनिवार, १९ एप्रिल
ताईला मुलगी झाली! पोट फाडून काढावी लागली. मी पहाटेच्या बसनं आले ती थेट कॉलेजच्याच दवाखान्यात, तिच्या वॉर्डात. शिकाऊ नर्स शेजारणीची जखम पुसून वळली आणि तिनं तेच हातमोजे घालून ताईच्या टाक्यांवर पट्टी चिकटवली. मी दारातच. मला ते हातमोजे हिरवे दिसले.

‘हात धुतलेस का गं?’ ओरडलेच मी.

लांब वेणी. हसली. ‘अहो, आम्ही महिनाभर गेममध्ये धुऊन बघितलंय. काही फरक पडत नाही.’ मग गोड आवाजात, ‘ताई, तुम्ही झोपा.’

ताई झोपलीय. एका हातानं लिहितेय. दुसरा तिच्या कपाळावर.